मे महिन्यात पाहिलेली जागा

काळाचौकीच्या आमच्या खोलीत टेबल नव्हतं, त्यामुळे घराचा नकाशा पलंगावर पसरला जायचा आणि मग कुणालाच बसायला जागा उरायची नाही. बाबा उभे, दादा उभा, मी उभी, आणि आई दाराशी पाटावर मेथी निवडत. चाळ पुनर्विकासाला गेली होती. नवा टॉवर होईपर्यंत बिल्डर भाडं देणार होता, पण या वयात परक्या उपनगरात भाड्यानं राहायचं नाही, असं बाबांनी ठरवून टाकलं होतं. गावी घर बांधायचं आणि आईला घेऊन तिथेच राहायचं. गाव आमचं मालवणच्या बाजूचं. भाऊबंदांच्या वाटणीत बाबांच्या वाट्याला डोंगराच्या पायथ्याची उताराची जागा आली होती. ज्यांनी गाव सोडलं नाही त्यांना सपाटी आणि मुंबईकरांना उतार, असा तो सरळ न्याय होता.

जागा बघायला आम्ही मे महिन्यात गेलो. काजूची झाडं, करवंदाच्या जाळ्या, पायाला चटका देणारी लाल माती. जागेच्या एका अंगानं वरून खाली गोट्यांनी भरलेला कोरडा चर उतरत होता, बैलगाडी जाईल एवढा रुंद. दादाला तो फार आवडला. "रस्ता तर रेडीच आहे, बाबा. दोन डंपर खडी टाकली की गाडी थेट दारात." बाबा खूश झाले. आई चराच्या काठाशी डोक्यावर पदर घेऊन उभी होती आणि वर डोंगराकडे बघत होती. ऊन लागेल म्हणून आम्ही तिला सावलीत नेऊन बसवलं.

मी लग्नानंतर दादरला राहते आणि वरळीला एका कंपनीत अकाउंट्स बघते, म्हणून खर्चाचं गणित माझ्या गळ्यात पडलं. नकाशा काढणारा इंजिनिअर दादरचा होता. उतारावर घर बांधायचे दोन मार्ग आहेत, असं त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं. एक म्हणजे उताराच्या कलानं जायचं: ओटी खाली, माजघर दोन पायऱ्या वर, स्वयंपाकघर आणखी वर. दुसरा म्हणजे मागून डोंगर कापायचा, ती माती पुढे ओढायची आणि सगळं सपाट करायचं. पण डोंगर कापला तर त्या कापलेल्या अंगाला भक्कम भिंत आणि वरून येणाऱ्या पाण्याला गटार, हे दोन्ही हवंच. "ते करणार नसाल तर कापू नका," तो म्हणाला. नंतर त्यानं हे दोनदा फोनवरही सांगितलं.

बाबांना सपाटच हवं होतं. कारण गणपती. कळतं वय येण्याआधीच ते चुलत्याबरोबर मुंबईत आले होते, आणि सगळा जन्म त्या एका खोलीत गेला. आरतीला आलेली माणसं जिन्यापर्यंत उभी राहायची आणि प्रसाद हातोहात पुढे जायचा. आता त्यांना घरापुढे एवढं मोठं खळं, म्हणजे अंगण, हवं होतं की अख्खं भजनी मंडळ मांडी घालून बसेल. नकाशात खळं वाढत गेलं तसं घर मागे सरकत गेलं, डोंगराच्या पोटात. मला हसूही यायचं आणि मायाही. ज्या माणसानं आयुष्यभर पाय आखडून झोप काढली, त्याला अंथरूण पाहून पाय पसरा असं कुठल्या तोंडानं सांगणार?

पण पैसे तेवढेच होते. बाबांचा फंड, बिल्डरचं भाडं आणि दादाचं कर्ज, यांत सगळं बसवायचं होतं. मी गेट काढलं, की दादा गेट परत घालायचा. मी फॉल्स सीलिंग काढलं, की बाबा म्हणायचे, लोक काय म्हणतील? जोत्याला हात लावता येत नव्हता, चिऱ्याला नाही, छपराला नाही. शेवटी सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाऊन थांबायची: मागची भिंत. दादा म्हणाला, "घराच्या मागे कोण जाऊन बघणार आहे भिंत? ती पुढच्या वर्षी करू." आणि भिंत पुढच्या वर्षावर गेली. गटारही तिच्या मागोमाग गेलं. मी वैतागून म्हटलं, आधी कळस मग पाया चाललंय तुमचं. बाबा शांतपणे म्हणाले, "अगो, कातळ असा तो. शंभर वर्सां हलूक नाय." इंजिनिअरनं तर तिथे वरचा बराच थर भुसभुशीत मातीचा आहे असं लिहून दिलं होतं. तोही कंटाळला असावा. पुढे गावच्या कंत्राटदारानं त्याच नकाशावर काम घेतलं आणि भिंतीचा विषय काढलाच नाही. मला तो माणूस तेव्हाही आवडला नव्हता.

दिवाळीच्या चिवड्याचे पोहे घ्यायला मी आईबरोबर लालबागला गेले होते. परतताना फुटपाथवर ती एकदम थांबली आणि म्हणाली, "तो रस्तो न्हय गो. व्हाळ असा तो."

मला आधी कळेनाच ती कुठल्या व्हाळाबद्दल, म्हणजे ओढ्याबद्दल, बोलतेय. मग तिनं सांगितलं. लग्नानंतर बाबा परळच्या गिरणीत आणि ती गावी सासूजवळ, अशी तिची पहिली कित्येक वर्षं गेली होती. आषाढ लागला की डोंगरावरचं सगळं पाणी त्या कोरड्या चरातून खाली यायचं, लालभडक, गोटे गडगडत आणत. एका वर्षी त्याच्याबरोबर वरची दरड आली आणि शेजाऱ्यांचा गोठा दोन म्हशींसकट गेला. म्हणून त्या बाजूला कुणी घर बांधलं नव्हतं. म्हणूनच ती जागा वाटणीत मुंबईकरांसाठी उरली होती.

"मग बाबांना हे माहीत नाही?"

"हेंनी आषाढ बघूकच नाय कधी," आई म्हणाली.

मी तिथेच पिशवी हातात धरून उभी राहिले. खरंच होतं ते. बाबा गावी जात ते शिमग्याला, मे महिन्यात, आणि गणपतीला चार दिवस, जेव्हा पाऊस दमलेला असतो. गावचा अभिमान त्यांच्या अंगात एवढा भरलेला, आणि गावचा आषाढ त्यांनी एकदाही पाहिला नव्हता. आईनं त्यांना जागा पाहिली त्याच रात्री सांगितलं होतं. ते म्हणाले होते, तूच बघितलीस ना, एक थेंब तरी होता का?

त्या संध्याकाळी मी भांडले. हळू आवाजात भांडायची आमच्या चाळीत सोय नव्हती, त्यामुळे मजल्यावर सगळ्यांना कळलं. मी एवढंच मागत होते की एक पावसाळा थांबा, जुलैत जाऊन जागा बघा, मग जेसीबी लावा. दादा म्हणाला, तोवर रेट वाढतील, ॲडव्हान्स दिलाय, आणि पावसात काम बंदच असतं, बघून काय करणार? बाबांचा चेहरा लाल झाला होता. "माज्या गावचो पाऊस तुमी माका शिकवतास?" ते ओरडले. आई गॅसपाशी पाठमोरी उभी होती.

शेवटी बाबांनी देवालाच विचारायचं ठरवलं. आमच्याकडे कौल घेतात: गुरव देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. उजवी पडली. बाबांनी देवळातूनच फोन करून सांगितलं. मी विचारलं, "गाऱ्हाण्यात काय घातलं होतंत? घर बांधू का, हेच ना? भिंत नको ना, असं कुठे विचारलंत?" त्यांनी फोन ठेवला. देवाला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याला जेवढं विचारलं तेवढ्याचं त्यानं उत्तर दिलं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि मे महिन्यात संपलं. ते सगळं घर कोरड्या दिवसांत उभं राहिलं. अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत झाली. घर देखणं होतं, खोटं का बोलू? तांबडा चिरा, काळं जोतं, आणि समोर खरोखरच पन्नास माणूस बसेल असं खळं. दादानं चरात खडी टाकून केलेल्या रस्त्यावर पाहुण्यांच्या गाड्या ओळीनं लागल्या होत्या. लोक बाबांचा हात हातात घेऊन कौतुक करत होते, आणि बाबा लहान मुलासारखे हसत होते.

मी मागे गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीपासून चार हातांवर कापलेला डोंगर सरळ उभा होता, छपरापेक्षा उंच. त्यातून मुळं लोंबत होती. खिडकीतून आकाश दिसत नव्हतं, नुसती माती दिसत होती. मी तिथे उभी असताना वरून मूठभर माती आपणहून घरंगळली आणि पायाशी येऊन पडली. वारा नव्हता, वर कुणी चालतही नव्हतं.

आई आत नव्या ओट्यावर डबे लावत होती. मी तिला म्हटलं, पावसाळ्यात तू माझ्याकडे दादरला ये, दोन खोल्यांत आम्ही सरकून घेऊ, बाबांना यायचं तर येतील, नाही तर राहू देत त्यांच्या कातळाला टेकून. चाळ तर तेव्हा पाडूनही झाली होती. परत जायला खोली नव्हती.

"मी इलंय तर हे एकटे ऱ्हवतले," आई म्हणाली.

"मग राहू देत!" मी चिडून म्हटलं.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "दरड येवच्या आधी डोंगर वाजता. रातीचा वाजता बहुतेक. हेंका तो आवाज कळाचो नाय. माका कळता. उठवूक कोणतरी व्हयां ना?"

मला रडू आलं आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येणार नाही. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पाहुण्यांचा चहा टाकायला घेतला.

आता आषाढ चालू आहे. मोबाईलवर त्यांच्या जिल्ह्यासाठी एकामागून एक इशारे येतात. मी रोज दुपारी ऑफिसातून जेवणाच्या सुट्टीत फोन करते, आणि पहिली रिंग वाजेपर्यंत डबा उघडत नाही. फोन बाबाच उचलतात. पाऊस झक्कास आहे म्हणतात, भिंतीचं दिवाळीनंतर बघू म्हणतात. काल मी आईला फोन द्या म्हटलं.

"झोपलीय गो ती," बाबा हसत म्हणाले. "हल्ली दिवसभर झोपता. गाव मानवलो तिका."