बाहेरून कुलूप, आत वश्या

वश्या गेला, हे मला घाटकोपर स्टेशनबाहेरच्या पानवाल्याने सांगितलं. काविळीने म्हणे. "काय वाट्टेल ते बोलू नकोस!" असं मी त्याच्यावरच खेकसलो. मी वर्षभरापूर्वी चाळ सोडून बोरीवलीला राहायला गेलो होतो, आणि एवढ्यात हे...

वश्या म्हणजे चाळीतला माझा शेजारी वसंत. गिरणीकामगाराचा थोरला मुलगा. मानेवर रुळणारे केस, पायात लाल मोजे आणि डोक्यात एकच खूळ, रॉक अँड रोल. तेसुद्धा मालवणीत, घासलेटच्या रांगेवर रचलेली गाणी! गिटारची वायर जुन्या रेडिओत खुपसायचा आणि पायाने पत्र्याची ट्रंक बडवायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण साला गायला लागला की अंगावर काटा यायचा.

घरच्या टेपरेकॉर्डरवर गाणी भरायची तर शांतता हवी. चाळीत ती कुठली मिळायला? गणपतीत मात्र अर्धी चाळ कोकणात जायची. वश्याची आई धाकट्यांना घेऊन गावी निघाली की हा "रजा नाही" म्हणून मागे राहायचा आणि मला बाहेरून कुलूप लावायला सांगायचा, म्हणजे कुणी दार वाजवायला नको. "संध्याकाळी आठवणीने काढ रे, नाहीतर वाट लागेल माझी!" बंद खोलीतून ती ठणठण ऐकून समोरच्या बाईंनी दाराला लिंबू-मिरची बांधली होती.

वडील वारल्यावर घरचा गणपती बसवायचा मान त्याचा. पण हा मुंबईतच राहायचा आणि गावी तो चुलतभाऊ बसवायचा, हे आईच्या मनाला फार लागलं होतं. तेराव्यानंतर मी भेटायला गेलो, तेव्हा काकींनी, म्हणजे वश्याच्या आईने, कॅसेटची पिशवी माझ्यापुढे आदळली.

"घेवन जा, खाडयेत टाक. आमी त्येका नको होतव, म्हनान तो हय रवायचो."

"काकी, एकदा ऐका तरी."

"माका नको."

मी हट्टाने टेप लावला.

खरखर... नळाची टपटप... मग वश्याचा खोकला. जिवंत, अगदी शेजारी बसल्यासारखा. काकी भिंतीकडे तोंड करून बसलेल्या. एक गाणं संपलं, दुसरं मध्येच तुटलं. वश्याने स्वतःलाच शिवी हासडली, गिटार खाली ठेवली आणि रोजच्या सवयीने हाक मारली, "आये, चाय ठेव गे!"

आई तेव्हा गावी होती. त्यालाही ते आठवलं असावं, कारण पुढे बराच वेळ नुसती खरखर येत राहिली. मग तो जरासा हसला. ते हसू मला अजून झोपू देत नाही.

काकी उठल्या. स्टोव्हला पंप मारायला लागल्या. टेपवर पुन्हा गिटार सुरू झाली, तशा तिथूनच ओरडल्या,

"थांब रे वाईच! आदी चाय घे, मगे गा."