मी दोरीच्या शेवटी होते

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. एकदा देवासमोर सुरुवात केली होती — पण तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि मी सुटका झाल्यासारखी उठले. तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही, म्हणून असेल.

माझं सासर समुद्रपूरकडचं. नोकरीमुळे आम्ही वर्ध्याजवळ सिंदी मेघेला राहतो, पण माघातल्या जत्रेला गावी जायचंच. त्या जत्रेत बायकांची रस्सीखेच असते — एकीकडे गावच्या लेकी, दुसरीकडे गावच्या सुना. जुनी रीत आहे. हरतील त्यांनी संध्याकाळी पुऱ्या तळायच्या आणि जिंकतील त्यांनी पहिल्या पंगतीला बसून "गरम आण व, गरम" म्हणून ओरडायचं.

आता तुम्हीच सांगा, लेकी माहेरी येऊन आराम केलेल्या, अन् सुना पहाटेपासून पाहुण्यांचा चहा करून कमरेत मोडलेल्या — कोण जिंकणार? लग्न झाल्यापासून मी जत्रेला पुऱ्याच तळल्या.

आणि लेकींच्या दोरीच्या शेवटी असायची माझी नणंद, इंदूताई. उंच, हाडापेरानं मजबूत. टाच रोवून ती मागे रेलली की आम्ही सुना ओळीनं पुढे घसरत जायचो, जशी ओली भांडी ओट्यावरून घसरतात. एरवी ती चारचौघींसारखीच. सासरी तिला कुणी फारसं विचारतही नसावं — तिच्या बोलण्यावरून मला तसं वाटे. पण त्या एका दुपारी अख्खं गाव तिच्याकडे बघायचं.

बघा, मी परत भलतीकडेच चालले. सांगते.

एका वर्षी सुनांनी मला दोरीच्या शेवटी उभं केलं. कारण सरळ होतं — माझं वजन. मी दोरी हातात घेतली, तशी पलीकडून इंदूताई ओरडली, "वंदने, ऑफिसात बसून बसून वजन तं आणलं तू, पण जोर कुठून आणशीन व?"

सगळी जत्रा हसली. माझा नवराही हसला. तोच जास्त हसला.

माझ्या पाठीशी एक बंद पडलेली हापशी होती, पाण्याचा हातपंप. लोखंडी, जमिनीत गाडलेली. शिट्टी झाली, लोकांचे डोळे दोरीला मधोमध बांधलेल्या रुमालावर खिळले — आणि मी दोरीचं शेपूट गपकन हापशीभोवती गुंडाळलं. वरून पदर पसरला. पाय घसरून झालं नाही, कुणी शिकवलंही नाही. मी केलं.

लेकी ओढून राहिल्या, दोरी हलेना. त्या दमून जराशा ढिल्या पडल्या की मी शेपूट खेचून वेढा आवळायची. पुढच्या सुनांना वाटलं, वंदनाच्या अंगात आलं! त्यांनाही चेव चढला. आणि मी? दात-ओठ खात, डोळे मिटून, मोठमोठ्यानं कण्हत होते. कशासाठी? जोर तर हापशी लावत होती.

शेवटी लेकींचे पाय सुटले. इंदूताई तोंडावर धुळीत पडली. त्या कल्लोळात मी वेढा सोडला.

"वंदनाबाईनं ओढलं! वंदनाबाईनं!" सुनांनी मला खांद्यावर उचलायचा प्रयत्न केला, मग नुसत्याच टाळ्या वाजवल्या. बक्षिसाचा नारळ मिळाला. संध्याकाळी पहिल्या पंगतीला बसले, तेव्हा कढईपाशी इंदूताई होती. मी "गरम आण व" म्हणून ओरडले का? ओरडले. वरून म्हटलं — नीट फुगलेली आण.

एवढंच असतं तर मी हे कधीचंच हसत सांगून टाकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूताई ओसरीवर बसून स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होती. मी चहा दिला. ती म्हणाली, "वंदने, माह्या अंगातला जीवच गेला व. दोरी अशी लागे, जशी झाडाले बांधून हाये."

बोलायची वेळ तीच होती ना? मी काय म्हणाले माहीत आहे? "ताई, वय होते माणसाचं."

वय! माझ्याहून थोडीच मोठी ती.

पुढे ती तपासून घ्यायला वर्ध्याला आली. मी ऑफिसातून सुटी काढून तिच्यासोबत गेले. रक्त-लघवी सगळं झालं. डॉक्टर म्हणाले, बाई, तुम्हाला काहीच झालेलं नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "डाक्टरले काय समजते? दोरी खोटं बोलते काय?" मी ऑटो शोधू लागले. ऑटो समोरच उभा होता.

पुढच्या जत्रेला तिनं दोरीला हात लावला नाही. लेकींनी विनवण्या केल्या, हाताला धरून ओढलं. "नाई व, आता नाई होत," म्हणाली, आणि बाजूला बसून सगळ्यांच्या चपला-पर्स सांभाळत राहिली. ती नाही, म्हणून लेकी हरल्या. त्यानंतरही हरतच आल्या. आता मला काही करावंच लागत नाही. लोक माझं नाव घेतात. नव्या सुना पाया पडतात.

आणि इंदूताई? दर जत्रेला खेळ सुरू व्हायच्या आधी ती वाटीत कोमट तेल घेऊन मला शोधत येते. "येजो इकडं, हात दे," म्हणते. माझे तळवे मांडीवर घेते आणि अंगठ्यानं दाबून दाबून तेल जिरवते. यंदा म्हणाली, "माह्यातला जोर तुह्यात आला व. घरातच राह्यला, हे बरं झालं."

मी दुसराही हात पुढे केला.