चौथी माफी

आमच्या मुलचेऱ्याकडे मोहाची झाडं घराघराला वाटून घेतलेली असतात. कागदावर काही नसतं, पण कोणत्या झाडाखालची फुलं कुणी वेचायची हे गावाला ठाऊक असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या झाडाखाली शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, एक विधवा बाई फुलं वेचताना मला दिसली. तिची टोपली अर्धी भरली होती. मी तिथं काही बोललो नाही. संध्याकाळी गावाच्या बैठकीत मात्र उभा राहून सांगितलं, की झाड आमचं आणि वेचत होती ही. मला तिचा राग आला नव्हता. नियम मोडलेला दिसला, की तो बोलून टाकल्याशिवाय मला चैन पडत नाही. ती उठली, घरी गेली आणि टोपली आणून आमच्या अंगणात रिकामी करून गेली.

तिचा नवरा गेल्यापासून माझी आईच तिला वेचू देत होती. हे सगळ्यांना माहीत होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितल्याशिवाय मला कळत नाही.

पुढे मुलीला तपासायला चंद्रपूरला नेलं. ती एकच गोष्ट दिवसभर विचारायची. स्वमग्नता समजावून सांगताना डॉक्टरांनी माझ्याबद्दलही बरंच विचारलं. मग म्हणाले, तुमचंही मन असंच एका जागी अडकत असेल. मी हो म्हणालो. तेव्हाही मनात अंगणातली ती फुलंच होती. भात रोवताना, जेवताना, बायको बोलत असताना मी ती बैठक पुन्हा पहिल्यापासून चालवतो आणि दर वेळी उभा राहतोच. थकून जातो, पण थांबता येत नाही.

म्हणून मोह गळायला लागला, की मी तिच्या घरी जाऊन माफी मागायचो. तीन वर्षं ती मान हलवून ऐकत राहिली. यंदा चौथ्यांदा गेलो, तेव्हा ती अंगणात फुलं वाळत घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "भाऊ, तुमची माफी पहिल्याच साली पोचली. तुमी दर साली येता, न् बाया विचारतात, हा भाऊ काऊन येते? मंग मले पुन्हा सारं सांगा लागते. लोक विसरून राह्यले, तुमीच विसरू देऊन नाई राह्यले." मग जरा हसली. "च्या प्याले या. माफी मागाले नोका येऊ."

त्याला आता महिना होत आला. चार वर्षं मी तिला गावासमोर पुन्हापुन्हा उभं केलं, याची माफी मागायची राहिली आहे. तीनदा टोल्याच्या वळणापर्यंत जाऊन परत आलो. काल चपला घालताना बायकोनं पाहिलं आणि विचारलं, "च्या प्याले चालले का माफी मागाले?"

मला खोटं बोलता येत नाही. मी चपला काढल्या.