दारात खांब नको

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पॅनेल पुसणं. सकाळचं, ऊन तापायच्या आत. घरामागं लोखंडी सांगाड्यावर काळ्या काचेचे तक्ते होते. त्यांच्यावर ऊन पडलं की आमच्या घरात वीज. आदल्या दिवशी धुळीचं वादळ येऊन गेलेलं. ॲरिझोनाची धूळ चाळलेल्या पिठासारखी, बसली की हलत नाही. ही पाण्याचा पाइप धरून उभी आणि मी लांब दांड्याला हिचं जुनं सुती पातळ गुंडाळून काच पुसतोय.

"अहो, कोपरा राहिला."

"कोपऱ्यात काय ऊन साठून राहतंय?"

"तुमची आंघोळ पण तसलीच. कोपरे कोरडे."

पुसला कोपरा. मग चहा टाकते म्हणून ती आत गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. अँब्युलन्सवाले आले, भली माणसं होती, त्यांच्या हातात होतं तेवढं केलं. हृदय थांबलं म्हणाले. त्यात कुणाचा दोष नव्हता. पुढं जे झालं त्याबद्दल मात्र मला बोलायचं आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. तालुक्याच्या गावी माझं सायकलचं दुकान होतं. एकुलता मुलगा शिकला, इंजिनियर झाला, इकडं चँडलरला चिपा बनवणाऱ्या कंपनीत लागला आणि आम्हालाही घेऊन आला. चँडलरच्या घरात हिचा जीव कोंडायचा. दिवसभर एसी, खिडक्या बंद, शेजारी कोण राहतं ते त्याच्या गाडीलाच ठाऊक. एक दिवस हिनं मुलाला सांगून टाकलं, "मला परत पाठव, नाहीतर दार उघडं टाकता येईल असं घर बघ."

त्यानं घर बघितलं. गाडीनं दीड तासावर, डोंगराच्या अंगाला, एका म्हाताऱ्या अमेरिकन जोडप्याचं. शनिवार-रविवारी मुलगा आणि सून येणार, बाकीचे दिवस आम्ही दोघं. अडचण एकच होती. विजेची तार मोठ्या रस्त्याशी येऊन थांबलेली. घरापर्यंत आणायची तर शेतातून खांब रोवत यावं लागणार. नाहीतर ते जोडपं राहायचं तसं उन्हावर राहायचं: पॅनेल, गॅरेजात बॅटऱ्यांची रांग, आणि अडीनडीला गॅसवर चालणारा जनरेटर.

मुलगा खांबांच्या बाजूचा. मीसुद्धा. मला टीव्ही पाहिजे होता. हिनं मुलाला विचारलं, "खांब आले की वीज जायचीच नाही का?"

"इथं जात नाही गं, आई."

"तिकडं पण असंच सांगून रोवले होते. दारात तार आणि घरात अंधार. ओरडायचं कुणावर तेसुद्धा कळायचं नाही. उन्हाचं बरं, सूर्यावर ओरडता येतं. तो निदान रोज तोंड तरी दाखवतो."

मुलगा हसला आणि खांब राहिले.

मग ते घर हिनं चालवलं. इंजिनियर मुलानं नाही आणि मी तर नाहीच. गॅरेजच्या भिंतीवर एक मीटर होता, बॅटऱ्यांत किती जीव आहे ते दाखवणारा. सकाळी उठून देवाआधी ही त्याचं दर्शन घ्यायची. "आकडा चढला की दळण, आकडा उतरला की निजण," हा हिचा कायदा. डाळ रात्री भिजवायची, पण मिक्सर लावायचा तो ऊन चांगलं वर आल्यावर. कपड्यांचं मशीन दुपारच्या आत. इस्त्री फक्त भर उन्हात. दिवे लागल्यावर मी टीव्ही लावला की आतून आवाज यायचा, "बातम्या झाल्या की बंद. उद्याच्या डाळीची वीज आहे ती." महिन्याला बॅटऱ्यांची टोपणं उघडून त्यांत दुकानातून आणलेलं शुद्ध पाणी घालायची. त्याला म्हणायची पाणी पाजणं. मी पाण्याचा कॅन उचलून द्यायचो आणि टॉर्च धरायचो. जनरेटर तिला आवडायचा नाही. बोंबलतंय मेलं, म्हणायची. फार ढग आले तरच लावायची. त्या घरात आम्ही राहिलो त्या काळात अंधार म्हणून बघितला नाही.

आणि ही गेल्यावर घर माणसांनी भरलं.

आली, बरं केलं. परक्या मुलखात माणूस गेल्यावर दार वाजवणारं कोण असतं? मुलाचे मित्र आले, त्यांच्या बायका आल्या, डबे आणले, काही राहिलेसुद्धा. त्यांच्या येण्यावर माझा राग नाही. पण एकानंही भिंतीवरच्या मीटरकडं मान वर करून बघितलं नाही. दिवे लागल्यावर डबे गरम करायला मायक्रोवेव्ह. प्रत्येकाचा लॅपटॉप भिंतीला लावलेला. सकाळी ऊन यायच्या आत केस वाळवायचं यंत्र, त्याच्या मागोमाग इस्त्री. दिवसरात्र सगळ्या खोल्यांतले दिवे चालू. मी मुलाला म्हणालो, "अरे, जरा आकडा बघ." तो म्हणाला, "बाबा, आत्ता हे नको. प्लीज."

आत्ता नको, तर कधी?

त्यात दिव्याची गोष्ट. आमच्यात माणूस जिथं गेलं तिथं जमिनीवर पीठ पसरून त्यावर दिवा ठेवतात. दहावा होईपर्यंत तो विझू द्यायचा नसतो. सुनेनं सांगितलं, घर लाकडी आहे, खाली कार्पेट आहे, वर धुराची घंटा आहे, उघडी ज्योत ठेवता येणार नाही. इंडियन दुकानातून तिनं समईच्या आकाराचा विजेचा दिवा आणला. वरती ज्योतीसारखा हलणारा बल्ब. भिंतीत प्लग घातला. मी बघत राहिलो. सून वाईट नाही, हिची सेवा तिनं केलेली आहे. म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण जिनं जन्मभर समईची वात स्वतः वळली तिच्यापुढं प्लास्टिकची ज्योत!

मग दोन दिवस ढग राहिले. इथंही पावसाळा असतो, थोडा, पण डोंगरावर येतो तेव्हा ऊन गिळून बसतो. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह घुमत होता आणि एकदम सगळं घर गेलं. पंखे, फ्रीज, दिवे. तिच्या खोलीतला तो दिवासुद्धा.

कुणीतरी बाई हळूच म्हणाली, "अगंबाई, दिवा गेला. अपशकुन."

अपशकुन! अरे, तुम्ही बॅटरी पिऊन टाकलीत तिची, आणि नाव शकुनाचं?

मुलगा गॅरेजात पळाला. त्याच्यामागं त्याचा नागपूरचा मित्र, कॉम्प्युटरवाला. जनरेटर कसा लावायचा ते दोघांनाही माहीत नाही. तिथल्या कपाटातून पुस्तक काढून मोबाइलच्या उजेडात वाचतायत. मित्र म्हणाला, "यार, हे सोलर वगैरे वीकेंडला ठीक आहे. काकूंनी कसं काय मॅनेज केलं कोण जाणे."

मी दारातच होतो. म्हणालो, "डोळे उघडे ठेवून केलं."

"सॉरी, काका."

जनरेटर लागला एकदाचा. सुतकाच्या घरात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखा आवाज. तिच्या खोलीतला बल्ब पुन्हा लुकलुकायला लागला. मुलगा म्हणाला, "आला बाबा, दिवा आला."

"गेलेला दिवा येत नसतो," मी म्हणालो. "येते ती लाइट."

प्लग ओढून काढला. स्टीलची वाटी घेतली, पाण्यानं भरलेल्या थाळीत ठेवली, म्हणजे कार्पेटवाल्यांनाही बोलायला जागा नको. कापसाची वात वळली, तेल घातलं, लावली. धुराची घंटा वाजली नाही. वात नीट वळली तर धूर होतच नाही, हे कुणी विचारलं असतं तर ह्याच घरात सांगणारं माणूस होतं. दहाव्यापर्यंत मी त्या दिव्याजवळच झोपलो.

दिवस झाले, पाहुणे गेले. मुलगा आणि सून दोघंच राहिले. संध्याकाळी मुलगा माझ्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, उद्या सकाळी वीज कंपनीचा माणूस येतोय. खांब कुठून आणायचे ते बघायला."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. नाहीतर चँडलरला चला. इथं एकटे, हे असलं सगळं घेऊन कसे राहणार?"

"असलं म्हणजे कसलं?"

"बघितलं ना त्या दिवशी? आईचा दिवासुद्धा राहिला नाही."

मी उठूनच उभा राहिलो. "तुझ्या आईचा दिवा उन्हानं विझवला होय रे? ती होती तोवर किती वेळा विझला सांग. एकदा? अर्ध्यांदा? तुम्ही सगळ्यांनी मिळून विझवलात आणि आता उन्हावर आळ घेता. ती होती तेव्हा खांब नको म्हणाली. ते तू ऐकलंस. ती गेली तर तिचा शब्द पण गेला का?"

सून म्हणाली, "बाबा, तसं नाही म्हणत ते."

"मग कसं म्हणतो?"

मुलगा म्हणाला, "बाबा, सगळं आई बघायची. तुम्ही टॉर्च धरायचात."

"टॉर्च धरणाऱ्याला दिसत असतं. मी अडाणी आहे, आंधळा नाही."

तो खाली बघायला लागला. म्हणाला, "आई गेली त्या दिवशी मी मीटिंगमध्ये होतो. तुमचा फोन घेतला नाही. आता तुम्ही इथं एकटे, आणि अंधार झाला, आणि काही झालं, तर मला कळणारसुद्धा नाही. मला झोप लागायची नाही, बाबा."

हे खरं होतं. ते ऐकून मला बसावं लागलं. पण राग गेला नाही. तुझ्या झोपेसाठी मी रोज फोन करीन, दोनदा करीन. तू कर. त्यासाठी हिच्या अंगणातून, जिथं ती कुरडया वाळत घालायची तिथून, खांब का? आणि चँडलरला मी काय करू? तुमच्या हॉलमधल्या सोफ्याला जोडी म्हणून बसू? हे सगळं मी त्याला म्हणालो. तो "सकाळी बघू," म्हणाला.

झोपायच्या आधी मी डबे धुंडाळले, तांदूळ आणि उडदाची डाळ काढली आणि भिजत घातली. माप माहीत नव्हतं. ती जी वाटी घ्यायची ती घेतली, आणि ती दरवेळी तांदूळ जास्त घ्यायची एवढं आठवलं.

सकाळी उजाडल्यावर पॅनेल पुसायला गेलो. एकट्यानं पाइप धरायचा आणि दांडाही चालवायचा म्हणजे कसरतच. पाइप काखेत धरला, अर्धा भिजलो. कोपरे पुसले. मग गॅरेजात जाऊन एकेक टोपण उघडलं. पाणी कमी होतं. जनरेटरच्या गडबडीत कुणाला आठवण असणार? एका हातात टॉर्च आणि एका हातात कॅन घेऊन पाजलं.

वीज कंपनीचा माणूस पांढरी गाडी घेऊन आला. हातात काठ्या आणि नारिंगी फिती, खुणा रोवायला. उंच, टोपीवाला, गोड बोलणारा. त्याचा काय राग करायचा? माझं इंग्रजी चार शब्दांचं. वर बोट दाखवलं, म्हणालो, "सन. गुड." मग त्याच्या काठ्यांकडं बोट केलं, "पोल. नो." तो मागं वळून बघायला लागला, कारण माझ्यामागं दारात मुलगा येऊन उभा होता. मीही वळून त्याच्याकडं बघितलं. तो माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडं बघत होता. मग त्या माणसाशी इंग्रजीत काहीतरी बोलला. त्या माणसानं टोपीला हात लावला, काठ्या गाडीत टाकल्या आणि गेला.

"आत्तापुरतं हं, बाबा," मुलगा म्हणाला.

"तुझ्या आईनंही आत्तापुरतंच म्हटलं होतं," मी म्हणालो. तिनं तसं म्हटलं नव्हतं, पण त्याला चाललं.

आत आलो. डाळ-तांदूळ फुगून वर आले होते. निथळून मिक्सरच्या भांड्यात घातले. सून म्हणाली, "बाबा, द्या, मी लावते," आणि तिचा हात बटणाकडं गेला.

"थांब," मी म्हणालो. "आकडा चढू दे."

स्टूल घेतलं आणि मीटरसमोर जाऊन बसलो.