अर्जातली पाचवी मागणी

अर्जात पाच मागण्या होत्या आणि पाचही मीच लिहिल्या होत्या. कॉलेजच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाच्या हाती निवृत्तीनंतर मसुदा लागला, की तो थांबत नाही. जनावरांचा छळ केला तर जुन्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे, हे पुतण्याने मोबाइलवर दाखवलं आणि माझं डोकं फिरलं. पन्नास रुपयांत अमळनेरला दोघांचा नाश्ता होत नाही. मग मी सरकारला अर्ज लिहायला बसलो: दंड वाढवा, तुरुंग द्या, तोही सहा महिन्यांपेक्षा कमी नको, दुसऱ्यांदा केलं तर दुप्पट. पाचवी मागणी लिहून झाल्यावर मी ती बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. ‘ज्या वाहनात जनावराचा छळ होईल ते वाहन कायमचं जप्त करावं.’

“छान आहे,” ती म्हणाली. “आता भाजी आणा.”

अशी कडक शिक्षा मागताना आपण गुन्हेगार डोळ्यांसमोर आणतो. माझ्या गुन्हेगाराला जाड मिशा होत्या आणि त्याच्या हातात खिळा लावलेली काठी होती. मी रोज दाढी-मिशी साफ करतो, त्यामुळे मला काही धोका वाटला नाही.

सह्या गोळा करायला मी चाळीसगावच्या गुरांच्या बाजारात गेलो. गुन्हेगार असतील तिथेच सह्या मागायच्या, हे माझं डोकं. बैल विकायला आलेल्यांनी अर्ज ऐकून घेतला आणि नम्रपणे तोंड फिरवलं. सही केली ती कडेला उभ्या असलेल्या छोट्या टेम्पोवाल्यांनी, कारण त्यांना भाडं मिळेपर्यंत काही काम नव्हतं. तेराव्या नंबरला सही करणारा टेम्पोवाला पस्तिशीचा असेल. त्याच्या काचेवर दोन मुलींची नावं रंगवलेली होती. “जनावरना भलं व्हत व्हई तं करतो, आबा,” म्हणून त्याने न वाचताच सही ठोकली.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाजारात एक गोष्ट अशी होती, जी मला लहानपणापासून जाणून घ्यायची होती. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलखाली हात घालतात, बोटं दाबतात, तोंडाने शब्द काढत नाहीत आणि सौदा होतो. आत नेमकं काय चालतं? एका म्हाताऱ्या दलालाला मी विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझा हात आत ओढला.

त्याने तीन बोटं दाबली. मी दोन दाबली. शिकवणी चालू आहे असं मला वाटत होतं आणि मी हुशार विद्यार्थी आहे हे मला त्याला दाखवायचं होतं. त्याने काहीतरी अर्धवट दाबलं. मीही अर्धवट दाबलं. शेवटी त्याने पूर्ण पंजा धरला आणि मी आभार मानायचे म्हणून तो घट्ट दाबला.

टॉवेल बाजूला झाला तेव्हा एक बैल माझा झाला होता.

मी तोंड उघडणार, तोच बैलाचा मालक, सातपुड्याच्या पायथ्याचा एक म्हातारा, पुढे आला. त्याने बैलाच्या कपाळाला कपाळ टेकवलं आणि कासरा माझ्या हातात दिला. “कागद वाचणारा माणूस भेटला. आता याची काळजी नाही,” तो म्हणाला. बैलाच्या मानेवर जोखडाने पडलेला जुना घट्टा होता. म्हाताऱ्याच्या खांद्यावरही तसाच काहीतरी डाग असावा असं मला उगाच वाटलं. कासरा परत देणं मला जमलं नाही. किंमत किती पडली, ते अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.

टेम्पो कोणाचा करणार? तेराव्या सहीचा.

“आबा, दोर ढिला ठेवा,” तो म्हणाला. “त्याला बसता आलं पाहिजे.”

“खाली उडी मारली म्हणजे?” मी म्हणालो आणि बैलाचं डोकं दोन्ही बाजूंनी आखडून दांड्यांना बांधलं. ऑफिसात फाइलींना नाडी बांधायचो तसंच. निघताना मी दोन ग्लास उसाचा रस प्यालो. बैलाला पाणी दाखवायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

निम्म्या वाटेवरच्या चौकीपाशी पोलिसांनी टेम्पो थांबवला. बाजाराची पावती होती, बैल नेण्यासाठी लागणारा जनावरांच्या डॉक्टरचा दाखला नव्हता. हवालदार मागे चढला आणि दोराकडे बघत राहिला.

“हे कोणी बांधलं?”

“मी,” मी जरा अभिमानानेच म्हणालो.

त्याने आम्हाला आत नेलं. मी सज्जन आहे हे सिद्ध करायला पिशवीतून अर्ज काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. आयुष्यात पुष्कळ कागद चुकीच्या टेबलावर ठेवले, पण इतका चुकीचा कधी नाही. साहेबांनी तो सावकाश वाचला. पाचव्या मागणीशी आल्यावर ते थांबले.

“वाहन कायमचं जप्त करावं,” त्यांनी मोठ्याने वाचलं. “तुमचंच अक्षर?”

“हो.”

“सुरेख आहे.”

माझ्या बाजूला टेम्पोवाला उभा होता. त्याने आधी कागदाकडे, मग माझ्याकडे पाहिलं. रावेरची केळी भरायचे दिवस होते आणि टेम्पोचे हप्ते चालू होते, हे त्याने येताना सहज सांगितलं होतं. तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी दोर सोडला. बैल तिथल्या तिथे टेम्पोत बसला. मग बादलीभर पाणी प्याला, आणखी एक बादली प्याला. आम्ही सगळे ते बघत होतो. मी एवढा वेळ त्याच्या डोक्यापासून दोन फुटांवर बसून आलो होतो आणि त्याला तहान लागली असेल हे मला समजलं नव्हतं. हे कसं झालं, याचा मी अजून विचार करतो.

बैल पांजरपोळात गेला, टेम्पो चौकीच्या आवारात राहिला. चार दिवसांनी कोर्ट. त्या चार दिवसांत टेम्पोवाल्याने मला एकदाच फोन केला. “आबा, गाडी सोडतीन ना?” माझी पाचवी मागणी कोणी मान्य केली असती, तर उत्तर सोपं होतं: नाही.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का. मी भाषण पाठ करून गेलो होतो, पण “आहे” एवढंच तोंडातून आलं. जुन्या कायद्याने पन्नास रुपये. टेम्पो सोडण्याचा हुकूम. बाईंनी पुढची फाइल ओढली.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या हास्यास्पद रकमेबद्दल फार प्रेम वाटलं. पावती खिशात घालताना लाज वाटली, तीही खरीच.

हुकूम घेऊन आम्ही चौकीवर आलो आणि टेम्पोवाला काच पुसायला लागला.

“आबा, त्या कागदवर मनी सही शे ना?”

“आहे. खोडू का?”

“तुमच्या कागदाप्रमाणे झालं असतं, तर गाडी?”

“कायमची गेली असती.”

“आणि तुम्ही?”

“सहा महिने आत.”

त्याने फडका पिळला. “सही राहू द्या. बैलाची मान पाहिली मी त्या दिवशी. पण दोर कोणी बांधला, ते तुमचा कागद विचारतच नाही. ते विचारा आधी.”

पन्नास रुपये कमीच आहेत, हे माझं मत बदललेलं नाही. पाचवी मागणी मात्र आतापर्यंत चारदा लिहून चारदा फाडली. पांजरपोळातून सोडवून आणलेला बैल आमच्या मागच्या अंगणात असतो. दुपारी तो बसायला लागला की मी लिहिणं टाकून उठतो आणि दोर पुरतोय का ते बघून येतो.