दुसरी सही

समुद्राच्या लाटांपासून वीज म्हटलं की लोकांना लाटाच दिसतात. आमचं सगळं मरण मात्र जोडात होतं. लाटेवर वरखाली होणारा बोया वीज तयार करायचा, तळाशी पडलेली केबल ती किनाऱ्यावर आणायची, आणि दोघांच्या मध्ये माझ्या मनगटाएवढा एक कनेक्टर. त्याच्या तोंडाशी रबराची कडी. तिच्यावर एखादा केस जरी राहिला तरी खारं पाणी त्या वाटेनं आत शिरतं. म्हणून न्यू जर्सीतल्या आमच्या छोट्या कंपनीत नियम होता: एकानं कडी बसवायची, दुसऱ्यानं ती भिंगातून बघायची, मग दोघांनी फॉर्मवर सही करायची.

कडी बसवायचे काका. खरं तर ते माझे कोणी नव्हते. नागपूरचे, साठीला आलेले, कंपनीतले सगळ्यात जुने इंजिनिअर. मास्टर्स करून मी नोकरीसाठी वणवण करत होते, तेव्हा त्यांनीच मला इथे चिकटवलं. रविवारी वेस्ट विंडसरला त्यांच्या घरी बुद्धवंदना असायची आणि नंतर काकूंचा पाटवडी रस्सा. मी दोन्हीला हजर, रश्श्याला जरा जास्तच मनापासून. ऑफिसात बाकी सगळे त्यांना नावानं हाक मारायचे. मी एकटीच काका म्हणायचे आणि त्याचा मला उगाच अभिमान होता.

त्या वेळच्या चाचणीत बोया टिकला तर पुढचं काम मिळणार होतं, नाही तर आमच्यातले काही जण घरी जाणार होते. माझा तर व्हिसाच त्या नोकरीवर टांगलेला. बोट दुपारी सुटणार होती. सकाळी काकांनी कडी पुसून, ग्रीस लावून बसवली, कनेक्टर बंद केला आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला.

"उघडून चेक करून घे," ते म्हणाले.

"काका, तुम्ही केलंय म्हणजे झालं. मी काय चेक करणार?"

ते काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. मला वाटलं, सुखावले. वडीलधाऱ्या माणसाचं काम त्याच्यासमोर भिंग लावून तपासायचं, हे माझ्या हातून होणारच नव्हतं. भीड भिकेची बहीण, हे मी शाळेत निबंधातसुद्धा लिहिलं होतं. तरी सही ठोकली.

काही दिवसांतच केबलमध्ये विजेची गळती दिसू लागली आणि वीज बंद पडली. पाणबुड्यांनी कनेक्टर वर आणला. टेबलावर उघडला तेव्हा आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या आणि कडीवर पुसायच्या फडक्याचा एक पांढरा धागा आडवा चिकटला होता. भिंगाची गरजच नव्हती. मला तो दोन हातांवरून दिसला.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, "दुसरी सही तुझी. तू बघितलं होतंस का?"

काका शांतपणे म्हणाले, "ती उघडायला सांगत होती. मीच नको म्हटलं."

मी ते खोडून काढलं नाही. त्याच दिवशी काकांची नोकरी गेली, माझी राहिली. स्वतःची इतकी किळस मला आधी कधी आली नव्हती.

त्यांना घरी सोडायला मीच गेले. गाडीत विचारलं, "काका, खोटं का बोललात?"

"तुझा व्हिसा आहे. मी काय, आज ना उद्या रिटायरच होणार होतो." मग म्हणाले, "मोतीबिंदूचं ऑपरेशन पोस्टपोन करत होतो मी. बारीक काही दिसत नव्हतं. म्हणून तर मॅनेजरला सांगून तुला चेकिंगला मागून घेतलं होतं. बाकीच्यांनी इश्यू केला असता. म्हटलं, आपली पोरगी आहे, गुपचूप बघून घेईल."

"मग त्या दिवशी मला सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो गं. पण तू म्हणालीस, तुम्ही केलंय म्हणजे झालं. इतक्या वर्षांत इथे असं कोणी म्हटलं नव्हतं मला. मग सांगवलंच नाही."

घर आलं. उतरताना त्यांनी सवयीनं सांगितलं, "रविवारी ये." मी हो म्हटलं. त्या रविवारी गेले नाही, आणि नंतरही कधी गेले नाही.