अजीजभाईंना न आलेला वास

बाणकोटचे अजीज म्हालदार शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात बावीस वर्षं गॅसची कामं करत होते. हॉटेलांची किचनं केली, बेकऱ्यांच्या भट्ट्या केल्या, लेबर कॅम्पातल्या शेगड्यांच्या रांगा केल्या आणि गेली सहा वर्षं परेशशेठांच्या गॅरेजमध्ये गाड्यांच्या पोटातली स्वयंपाकघरं करत होते. जुनी मिनीबस घ्यायची, सीटा उपटून टाकायच्या, आत पलंग, शेगडी, फ्रीज बसवायचा आणि मोटरहोम म्हणून मालकाच्या हाती द्यायची, हा परेशशेठांचा धंदा. सुतारकाम कुणीही करो, वायरिंग कुणीही करो, गॅसच्या पाइपाला मात्र अजीजभाईंशिवाय कुणी हात लावायचा नाही. गाडी तयार झाली की ते गॅसच्या बाटल्याच्या, म्हणजे सिलिंडरच्या, कप्प्यात डोकं घालून दोनदा जोरात श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "खलास. घेऊन जा." तेवढं ऐकलं की शेठ किल्ल्या गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे.

त्या श्वासात काहीच नव्हतं, हे फक्त त्यांच्या बायकोला, जैनबला माहीत होतं.

कोविडमध्ये अजीजभाईंचा वास गेला. लोकांचा महिन्या-दोन महिन्यांत परत आला, यांचा आलाच नाही. एकदा शारजाच्या रोला भागातल्या त्यांच्या खोलीत शेगडीवर बोंबिलाचं कालवण करपून भांड्याला काळं झालं, धूर झाला, जैनब बाहेरून धावत आली, आणि हे चार हातांच्या अंतरावर बसून फोन बघत होते. त्या दिवशी तिला कळलं.

"शेठला सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू? गॅसवाल्याला वास नाय येत म्हणून? या वयात मला दुसरं काम कोण देईल?"

मग त्यांनी आपली रीत बदलली. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी दोनदा लावायचं, प्रेशरचा काटा दहा मिनिटांऐवजी वीस मिनिटं बघायचा. बुडबुडा आणि काटा खोटं बोलत नाहीत, असं ते स्वतःला समजावायचे. एका परीने त्यांचं काम आधीपेक्षा चोख झालं होतं. फक्त शेवटचं ते नाक लावणं त्यांनी सोडलं नाही. लोकांना ते बघायची सवय होती. अशी चार वर्षं गेली.

जुलैमध्ये धनंजय सरपोतदार गॅरेजमध्ये आले. दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये राहणारे, एका लॉजिस्टिक कंपनीत मॅनेजर. बरोबर बायको संपदा आणि नऊ वर्षांची मुलगी दिया. थंडीत लिवाच्या वाळवंटात आणि पुढे ओमानातल्या सलालापर्यंत गाडीने जायचं, हे नवरा-बायकोचं जुनं स्वप्न. मिनीबस त्यांनी आधीच कुणाकडून तरी अर्धवट बनवून घेतली होती. राहिला होता गॅस.

"अजीजभाई, आपल्याला साधं काहीतरी सजेस्ट करा," धनंजय म्हणाले. "किचनमधला नेहमीचा सिलिंडर ठेवला तर? संपला की बदलायचा, सिंपल."

"साहेब, वाळवंटात बदलून कोण देणार? आणि देणारा भेटला तरी तो आपल्या कंपनीचाच बाटला घेतो. आत पाव गॅस उरला असेल तर तोही त्याच्याच घरी जातो. लांबच्या प्रवासाला परत परत भरता येणारी सिस्टिम हवी. बाटला गाडीतच राहतो, बाहेरच्या बाजूला भरायचं तोंड असतं, डेपोवर गाडी उभी करायची आणि भरून घ्यायचं."

"मग खाली एक मोठी टाकी लावून टाका. एकदम खलास."

"वाळूत गाडी पोटावर बसते, साहेब. वाडीतले, म्हणजे कोरड्या ओढ्यातले, दगड लागतात. खाली टाकी असली की पहिला मार तिलाच." अजीजभाईंनी खिशातून पेन्सिल काढून पुठ्ठ्यावर दोन गोल काढले. "दोन छोटे बाटले, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात. कप्पा आतून सीलबंद, तळाला भोक. गॅस हवेपेक्षा जड असतो, सुटला तर खाली सांडून जातो, गाडीत येत नाही. आणि मुख्य गोष्ट, आत ऐंशी टक्क्यांना आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह. वरची जागा मोकळी राहायलाच पाहिजे. इथल्या उन्हात गॅस फुगतो, त्याला फुगायला जागा नको?"

संपदा लक्ष देऊन ऐकत होती. "आणि या घरगुती सिलिंडरला तो व्हॉल्व्ह नसतो?"

"नसतो, ताई. कंपनी मोजून भरते म्हणून चालतं."

किंमत ऐकल्यावर धनंजय थांबले. "साडेचार हजार दिरहम. म्हणजे लाख रुपयांच्या वर झाले की, संपदा." मग हसून म्हणाले, "जरा विचार करतो, हबीबी."

त्यांनी केलेला विचार ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात गॅरेजच्या दारात येऊन उभा राहिला. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर डांबर मऊ झालं होतं, उघड्यावरची कामं तीनपर्यंत बंद होती. मिनीबस शेडखाली आली आणि धनंजय खुशीत उतरले.

"अजीजभाई, जुगाड झाला! ऑनलाइन एक पितळी अडॅप्टर मिळाला. सकाळी एका दुकानदाराने मोठा सिलिंडर उलटा टांगून आमचा घरचा सिलिंडर भरून दिला. म्हणजे हा पण रिफिलेबलच झाला की! तुम्ही फक्त फिटिंग ओके करून द्या."

अजीजभाईंनी हत्यारांची पिशवी उचलली. ते गाडीत चढले. मागच्या सीटवर दिया टॅब घेऊन बसली होती, इंजिन चालू, एसी चालू. बाटल्याचा कप्पा आतल्या बाजूने उघडणारा होता, पलंगाखाली. आधीच्या कारागिराने तसा केला होता. अजीजभाई गुडघ्यांवर बसले, दार उघडलं. परेशशेठ आणि धनंजय मागे दारात उभे. आणि सवयीने, चार वर्षांच्या सवयीने, त्यांनी आत डोकं घालून दोनदा श्वास घेतला.

"वास तर नाही," ते म्हणाले. "पण बाटला काढून वजन..."

"बाबा," मागून दिया म्हणाली, "इट स्टिंक्स इन हिअर. लाइक रॉटन एग्ज."

अजीजभाईंनी कप्प्यातून डोकं बाहेर काढलं. त्यांनी परेशशेठांकडे पाहिलं. शेठांच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. त्यांनाही आला होता. दारात उभ्या माणसाला आला, मागच्या सीटवरच्या पोरीला आला, आणि कप्प्यात डोकं घातलेल्याने 'वास नाही' म्हटलं होतं.

"कुणी कशाला हात लावू नका," अजीजभाई म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. "लाइट नाही, एसी नाही, इंजिनची किल्ली नाही. जे चालू आहे ते चालू राहू दे. दिया बेटा, टॅब तिथेच ठेव. हळू चालत बाहेर. साहेब, तिला घेऊन थेट रस्त्यापलीकडे. पळू नका."

"पण..."

"यल्ला, साहेब! निघा!"

शेडच्या दुसऱ्या टोकाला वेल्डरने टॉर्च पेटवली होती, निळी ज्योत नाचत होती. अजीजभाई दारातून ओरडले, "बंद कर! वेल्डिंग बंद! सगळे बाहेर!" ज्योत विझली. मेन स्विच शेडच्या बाहेर, रस्त्याकडच्या भिंतीवर होता. परेशशेठ धावत तिकडे गेले.

अजीजभाई परत आत गेले. व्हॉल्व्हचा नॉब त्यांनी फिरवून पाहिला, तो आधीच पूर्ण बंद होता. मग गॅस सुटतोय कुठून? त्यांनी बाटल्यावर तळहात ठेवला. पत्रा चहाच्या कपासारखा गरम. दुकानदाराने सकाळी ऊन चढण्याआधी गळ्यापर्यंत भरला होता, मग बंद गाडीत, उन्हातून दुबईहून शारजापर्यंतचा ट्रॅफिक. आत फुगायला जागाच उरलेली नव्हती. दाब वाढला की आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडत होता. पूर्ण उघडला तर हा कप्पा, हा पलंग, ही गाडी गॅसने भरून जाईल, आणि इंजिन तर चालूच आहे.

रबरी नळी त्यांनी पान्याने सोडवली, पान्याभोवती आधी ओला फडका गुंडाळून, लोखंडाला लोखंड आपटू नये म्हणून. एकेक आटा. आता आपल्याला वास येत नाही हे त्यांना पहिल्यांदाच खरं भयंकर वाटलं. भोवती किती साचलाय, कमी होतोय की वाढतोय, काही कळत नव्हतं. आंधळ्या माणसाने आगीच्या खोलीत उभं राहावं तसं.

बाटला उभाच्या उभा छातीशी धरून ते उतरले. नेहमीपेक्षा जड होता, ते हातांना कळलं. शेडमागे मोकळी जागा होती, भिंतीची सावली होती. तिथे त्यांनी तो ठेवला तेवढ्यात व्हॉल्व्हने शिट्टी घातली आणि पांढरा फवारा वर उडाला. अजीजभाई मागे पडले. कोपर सोलवटलं. हातापायांवर सरपटत ते नळापर्यंत गेले, पाइप ओढला आणि लांबूनच बाटल्यावर पाणी सोडलं.

फवारा थांबला. पुन्हा उडाला. थांबला. पाऊण तास ते पाणी मारत बसले. पाणीही गरमच होतं, पण पत्र्याहून बरं. परेशशेठ कोपऱ्यावर उभे राहून सारखं विचारत होते, "कमी झाला का? अजून वास येतोय का?" आणि अजीजभाई प्रत्येक वेळी तेच उत्तर देत होते. "माहीत नाही, शेठ."

दरम्यान सगळी दारं सताड उघडी ठेवलेल्या गाडीतलं आधीच तळाला गेलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडलं. शेठ म्हणाले, हवा मोकळी झाली. बाटला शांत झाल्यावर अजीजभाईंनी तो वजनकाट्यावर ठेवला. रिकाम्या बाटल्याचं वजन त्याच्या कॉलरवर कोरलेलं होतं. त्यात अकरा किलो गॅसची भर, एवढंच बसायला हवं होतं. इतका उडून गेल्यावरही आत सव्वाबारा किलो होता.

धनंजय लेकीचा हात घट्ट धरून आले. चेहरा उतरलेला. "अजीजभाई, माझी चूक. पण तुम्ही आत डोकं घातलं होतं, तुम्हाला कसा नाही आला वास?"

सांगायला एक कारण जिभेवर होतं, सर्दी. ते म्हणायला एक क्षण पुरला असता. अजीजभाईंनी दियाकडे पाहिलं. ती कोपरावरचं त्यांचं रक्त बघत होती.

"मला वास येतच नाही, साहेब. कोविडपासून. चार वर्षं झाली. शेठ, तुम्हालाही मी सांगितलं नाही."

परेशशेठांनी वजनकाट्यावरच्या बाटल्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या गॅरेजमधून चाळीस गाड्या बाहेर गेल्यात तुझ्या नाकावर."

"प्रेशरच्या काट्यावर गेल्यात, शेठ. साबणाच्या पाण्यावर. नाक नुसतं दाखवायला होतं."

"उद्या येऊ नकोस," शेठ म्हणाले आणि ऑफिसात निघून गेले.

घरी जैनबने कोपर धुतलं, पट्टी बांधली. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "बरं केलंत." तीन दिवस फोन वाजला नाही. अजीजभाई सकाळी सवयीने सहाला उठत, कपडे घालून तयार होत आणि पलंगाच्या कडेला बसून राहत. त्या चाळीस गाड्या एकेक करून त्यांच्या डोळ्यांसमोरून जात. कुठल्या गाडीत सांधा दोनदा तपासला, कुठल्या गाडीत घाई होती, ते आठवायचा प्रयत्न करत.

चौथ्या दिवशी परेशशेठांचा फोन आला. "ती सरपोतदार बाई इथे येऊन बसलीय. म्हणते, ज्याने दोन बाटल्यांची सिस्टिम समजावली त्यालाच बसवू द्या, नाहीतर गाडी दुसरीकडे नेते. ये. पण एकटा हात लावायचा नाहीस. वायरिंगचा कुट्टी तुझ्याबरोबर उभा राहील, नाक त्याचं. आणि त्या चाळीस जणांना फोन करून गाड्या परत तपासायला बोलवायच्या. फुकट. प्रत्येकाला कारण सांगायचं."

अजीजभाई म्हणाले, "सांगतो, शेठ."

काम चार दिवस चाललं. आतला कप्पा मोडून बाहेरून उघडणारा केला, तळाला हाताएवढं भोक पाडलं. दोन हलके बाटले, दोन्हींत ऐंशी टक्क्यांचा व्हॉल्व्ह, बाहेर झाकणबंद तोंड, पलंगाशेजारी जमिनीलगत गॅसचा अलार्म. शेवटच्या दिवशी संपदा स्टूल घेऊन प्रेशरच्या काट्यासमोर बसली.

पाच मिनिटं काटा जागेवर. सात मिनिटं. नवव्या मिनिटाला तो केसभर खाली आला. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता.

"हलला का तो?" तिने विचारलं.

"हलला."

कुट्टीने कप्पाभर वास घेऊन पाहिला. "कुछ नहीं है, भाई."

"आहे," अजीजभाई म्हणाले. त्यांनी एकेक सांधा पुन्हा साबणाने माखला, बॅटरी धरून बघत राहिले. फ्रीजमागच्या कोपऱ्यातल्या सांध्यावर, मोहरीच्या दाण्याएवढा, एक बुडबुडा हळूहळू फुगला. त्यांनी तो सांधा कापून नवा केला. मग काटा वीस मिनिटं बघितला, मग आणखी वीस. या वेळी त्यांनी कप्प्यात डोकं घातलं नाही.

डेपोवर पहिल्यांदा भरायला अजीजभाई गाडीबरोबर गेले. ऐंशी टक्क्यांना पंप आपोआप थांबला. भरणाऱ्याने आणखी रेटून पाहिलं, थेंब गेला नाही. धनंजयनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

चाळीसपैकी तेहतीस गाड्या महिनाभरात परत आल्या. एकतिसांत काही नव्हतं. दोन गाड्यांत नळ्या उन्हाने तडकल्या होत्या, त्या अजीजभाईंनी बदलल्या. पाच मालक देश सोडून गेले होते. दोघांनी कारण ऐकून फोनवर शिव्या दिल्या आणि दुसऱ्या गॅरेजात गेले. अजीजभाईंनी त्या ऐकून घेतल्या.